निरोप जसाच्या तसा

परदेशी गेल्यापासून पोरगी गोड बोलायला लागली होती, आणि आजीला ते मुळीच खपत नव्हतं.

"आजी, किती छान दिसतेस आज!" फोन लागला की पहिलं वाक्य हे. आजी उभी असायची इस्त्रीच्या वाफेत, कपाळावर घाम, नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा, खांद्यावर ओलं फडकं. यात छान काय होतं ते देवच जाणे.

"डोळे तपासून घे," आजी म्हणायची. "तिथे चष्मेवाले असतील की नाही?"

"आजी, तू पण ना!"

बघा. उलट बोलायचं सोडून 'तू पण ना'. आजीच्या सासरी कुणाच्या जिभेला मध लागलेला नव्हता. सासरे रागावले की भांडी वाजायची. नवरा खूश झाला की "बरं आहे" म्हणायचा, आणि तेवढंच वर्षभर पुरवायचा. आजीच्या स्वतःच्या जिभेबद्दल तर बोलायलाच नको. गिऱ्हाईक कपडे टाकताना जरा जपूनच टाकायचं. "शर्ट आहे की पायपुसणं?" हे ऐकायची तयारी ठेवूनच लोक दुकानाची पायरी चढायचे, आणि तरीही चढायचे, कारण अशी कडक घडी गावात दुसरीकडे मिळत नव्हती.

या नातीचं टोपणनाव भिंगरी. लहानपणी सारखी आत-बाहेर फिरायची म्हणून. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा, आणि पडद्याच्या या बाजूने त्या बाजूला दिवसभर भिंगरी. आता ती बावीसची झाली होती आणि तीन महिन्यांसाठी परदेशी जाऊन बसली होती, स्पॅनिश पक्की करायला. इथे वर्गात शिकली होती, पण वर्गातली भाषा म्हणजे हँगरवरचा शर्ट. अंगात घातल्याशिवाय बसतो की नाही ते कळत नाही. म्हणून जिथे सगळेच ती भाषा बोलतात तिथे एका बाईच्या घरात खोली घेऊन ती राहिली होती. रोज दुपारी शाळा, संध्याकाळी सराव. शेवटी एक तोंडी परीक्षा. ती पास झाली की दवाखान्यांसाठी दुभाषी म्हणून काम मिळणार होतं. फोनवर बसायचं, डॉक्टरचं म्हणणं आजारी माणसाला सांगायचं, आजारी माणसाचं डॉक्टरला.

"म्हणजे मधलं माणूस," आजी म्हणाली होती.

"हो, मधलं माणूस."

दुसरीनंतर शाळेचं तोंड न बघितलेल्या आजीला हे काम फार आवडलं होतं. दोन माणसं एकमेकांचा एक शब्द समजत नाहीत आणि आपली पोरगी मध्ये बसून गाठ घालून देते. हे कसं होतं, डोक्यात एक बोलणं उतरत असताना दुसरं कसं वर येतं, एका वेळी दोन इस्त्र्या चालवण्यासारखं असतं का, असे शंभर प्रश्न तिला पडायचे. म्हणून तर ती रोज दुपारी धुतलेल्या चादरींच्या चळतीला फोन टेकवून ठेवायची आणि म्हणायची, "दाखव तुझी मालकीणबाई. बोलू दे मला."

घरमालकीण आजीच्याच वयाची. आखूड केस, जाड मनगटं. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात तिने उमर काढली होती, हे पहिल्याच आठवड्यात कळलं आणि आजीने कान टवकारले. त्या बाईच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी इस्त्रीचं टेबल कायम उघडं असायचं. तिची सकाळ आणि आजीची दुपार एकाच वेळी यायची. दोघी आपापल्या टेबलापाशी, मध्ये फोन, आणि फोनच्या त्या टोकाला भिंगरी.

एका दुपारी ती बाई शर्टाची कॉलर करत होती. मधून सुरुवात करून टोकाकडे नेत होती. आजीला राहवलं नाही.

"तिला सांग, कॉलर टोकाकडून मध्ये आणायची असते. अशी ढकलत नेली की टोकाला चुणी पडते, मेलेल्या उंदराच्या कानासारखी. हॉटेलात चालत असेल, माझ्या दुकानात असल्या हाताला मी दारात उभं करणार नाही."

भिंगरी वळली, काहीतरी बोलली. मालकीणबाईंनी छातीवर हात ठेवला, मान झुकवली, तोंडभर हसल्या. आणि पुन्हा मधूनच इस्त्री फिरवायला लागल्या.

आजीचा हात थांबला.

चाळीस वर्षं तिने माणसांची तोंडं वाचली होती. कागदावरची अक्षरं तिला धड लागत नव्हती, गिऱ्हाइकांचे कपडे ती कॉलरीत घातलेल्या रंगीत दोऱ्याने ओळखायची. पण तोंड बघितलं की आत काय चाललंय ते तिला कळायचं. आणि जगात अशी एकही बाई जन्माला आली नाही, जी आपल्या कामाला उंदराचा कान म्हटल्यावर छातीवर हात ठेवून हसेल. भांडेल, नाहीतर गुपचूप सुधारेल. हसणार नाही.

"काय सांगितलंस तिला?"

"तेच की."

"तेच म्हणजे?"

"हेच की... तू पण कॉलर करतेस, आणि तिचं काम बघायला तुला आवडतं."

आजीने पुढचा शर्ट ओढला. पण मनात किडा वळवळायला लागला तो लागलाच.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम डाव टाकला. "सांग तिला, तुझे ते खिडकीचे पडदे म्हणजे गाईने चघळून टाकलेलं फडकं आहे."

भिंगरी बोलली. मालकीणबाई पडद्याकडे बघून खूश झाल्या, पडदा हातात धरून दाखवायला लागल्या, शिवण कशी घातली तेही दाखवलं.

"हं," आजी म्हणाली. "आवडला म्हणावं."

"तेच सांगितलं," भिंगरीच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

तेवढ्यात तिकडे दारावरची घंटा वाजली. भिंगरी सुटल्यासारखी पळाली. फोन तसाच टेबलावर राहिला आणि दोन म्हाताऱ्या समोरासमोर उरल्या. आजीने एक शर्ट उचलला. कॉलर फोनसमोर धरली. बोटाने मालकीणबाईंच्या शर्टाकडे खूण केली, दोन बोटांनी उंदराचे कान करून दाखवले आणि नाक मुरडलं.

मालकीणबाईंच्या भुवया केसांत जाऊन पोचल्या. मग त्यांनी आजीच्या टेबलाकडे बोट केलं, आजी कोरड्या शर्टावर पाण्याचा फवारा मारत होती त्याची नक्कल केली, फुस्स, फुस्स, आणि "हा काय पोरखेळ!" अशा थाटात हात झटकला. आतून एक ओलसर शर्ट काढून आणला, चादरीत गुंडाळी करून ठेवलेला. गुंडाळी सोडली, इस्त्री फिरवली. एका फेरीत बाही काचेसारखी. आजी पुढे वाकली. चष्मा काचेला टेकला. पुन्हा दाखव, अशी खूण केली. मालकीणबाईंनी पुन्हा दाखवलं. मग आजीने कॉलर करून दाखवली, टोकाकडून मध्ये, सावकाश, शिकवावं तशी. मालकीणबाईंनी करून बघितली, ओठ वाकडे केले, आणि नाइलाजाने मान डोलावली.

भिंगरी परत आली तेव्हा दोघी एकमेकींवर हातवारे करत होत्या. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"काय झालं? भांडलात?"

"भांडलो," आजी म्हणाली. "सात आठवड्यांत पहिल्यांदा बोललो आम्ही. आता खरं सांग, शाळेत काय चाललंय तुझं?"

मग बाहेर पडलं. मधली चाचणी होऊन दहा दिवस झाले होते आणि भिंगरी मूग गिळून बसली होती. चाचणीत एक मास्तर डॉक्टर झाले होते, एक बाई आजारी झाल्या होत्या. आजारी बाई स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, "हा डॉक्टर माझं ऐकत नाही, सारखा घड्याळ बघतो. त्याच्या गोळ्या मी कचऱ्यात टाकते." भिंगरीने डॉक्टरला इंग्रजीत सांगितलं, की यांना औषध घेताना थोडी अडचण येते आहे. मास्तरांनी कागदावर एकच ओळ लिहिली होती, 'आजारी माणसाचं म्हणणं पोचलं नाही.' भाषा शंभरातली पंच्याण्णव. निकाल नापास. तीन आठवड्यांनी शेवटची परीक्षा, आणि तिच्यात असंच झालं तर काम हातचं गेलं.

"अगं, मग डॉक्टरने अजून चार गोळ्या लिहून दिल्या असत्या," आजी म्हणाली. "आणि बाईने त्याही कचऱ्यात टाकल्या असत्या."

"कळतं मला. पण आजी, तोंडातून निघतच नाही. इतकं लागेल असं बोलणं मी कसं सांगू? माझं मीच गोड करते. मला कळायच्या आत होऊन जातं."

आजी विचारात पडली. हे पोरीला कुठल्या शाळेत शिकवलं? असली खोड आपोआप लागत नाही, तिला सराव लागतो.

"मालकीणबाईंना बोलव. तिला विचार, ही पोरगी तुझ्या घरात कशी आहे. आणि ती म्हणेल ते मला जसंच्या तसं दे. एक शब्द जरी इकडचा तिकडे केलास तर मला तोंडावरून कळेल. तिच्याही आणि तुझ्याही."

मालकीणबाई खुर्ची ओढून बसल्या. जणू वाटच बघत होत्या, अशा बोलायला लागल्या. भिंगरीचे कान लाल झाले.

"ती म्हणते..." भिंगरी थांबली.

"थांबू नकोस. घडी अर्ध्यात सोडली की चुरगळते."

"ती म्हणते, मी... या पोरीला पहिल्या दिवशी विचारलं, पलंग ठीक आहे का. ही म्हणाली, फार छान. पलंगाची मधली पट्टी तुटलेली आहे, हे मला माहीत होतं, दुसरा द्यायची माझी तयारी होती. पण ही म्हणाली, फार छान. आणि सात आठवडे ही जमिनीवर गोधडी टाकून झोपते. मी झाडायला गेले तेव्हा बघितलं."

"जमिनीवर?" आजी ओरडली.

"आजी, आधी तिचं संपू दे," भिंगरी म्हणाली, आणि आपणच हे म्हणालो याचं तिला नवल वाटलं. मालकीणबाईंनी अजून एक वाक्य टाकलं.

"ती विचारते... घरी हिला खरं बोललं की मार मिळायचा का?"

इस्त्रीचा दिवा विझला, लागला, पुन्हा विझला. आजीने ती उभी करून ठेवली.

"सांग तिला," आजी म्हणाली, "मारायची गरज पडली नाही. मी होते."

भिंगरीने सांगितलं. या वेळी मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी आजीकडे नीट बघितलं आणि नुसती मान हलवली. निरोप पोचला होता.

फोन ठेवला तरी आजीचं लक्ष लागेना. सराव लागतो. हा सराव पोरीला कुठे मिळाला, हे आता तिला दिसायला लागलं होतं, आणि ते पडद्यापलीकडे होतं.

गोष्ट तशी क्षुल्लक. भिंगरी आठ वर्षांची असताना सुनेच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या शर्टाचा खिसा करपला. आजीने भरल्या दुकानात म्हटलं, "हिला पुन्हा इस्त्रीला हात लावू देऊ नका." सून पडद्याआड गेली ती गेलीच. भांडण झालं नाही, वेगळी चूल झाली नाही. फक्त सासू-सुनेचं सरळ बोलणं बंद झालं. "भिंगरे, आईला सांग." "भिंगरे, आजीला विचार." चौदा वर्षं. आणि कळस म्हणजे पोरगी परदेशी गेली तरी ही रीत सुटली नाही. परवाच आजीने फोनवर सांगितलं होतं, "तुझ्या आईला सांग, उद्या पाणी येणार नाही, बादल्या भरून ठेव." आणि भिंगरीने तिकडून आईला निरोप धाडला. दुकानातून निघालेला शब्द समुद्र ओलांडून गेला, दुसऱ्या देशात वळला, आणि पुन्हा समुद्र ओलांडून पाच पावलांवरच्या स्वयंपाकघरात पोचला. बादल्या भरल्या गेल्या. यात काही वावगं आहे, असं तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं.

आजी उठली. पडदा बाजूला केला. सून ओट्यापाशी पीठ मळत होती. सासूला आत आलेली बघून तिचे हात थांबले.

"काय झालं? भिंगरी बरी आहे ना?"

"बरी आहे. जमिनीवर झोपते, पण बरी आहे. तुला एक विचारायचं होतं." आजीने स्टूल ओढलं. "मागच्या वर्षी मी तिच्याबरोबर निरोप धाडला होता, जेवणात मीठ आहे की मिठाची शपथ घातली आहे? तिने तुला काय सांगितलं?"

सुनेने आठवलं. "म्हणाली, आजी म्हणते तू दमलेली दिसतेस, आज जरा आराम कर."

"आणि तू आराम केलास?"

"केला. मला तर बाई रडूच आलं होतं. म्हटलं, यांना माझं दिसलं."

आजीने ओट्यावरचं पीठ बोटाने पुसलं. मग म्हणाली, "आणि त्यावर तू काय धाडलंस?"

"मी..." सून पिठाकडे बघत राहिली. "ते दुसऱ्या दिवशीचं असेल. तुम्ही गॅसवर दूध ठेवून विसरलात तेव्हा. मी म्हटलं होतं, दुसऱ्याचा करपलेला खिसा तेरा वर्षं लक्षात राहतो, आणि स्वतःचं करपलेलं भांडं दिसत नाही."

"मला आलेला निरोप होता, 'आई म्हणते भांडं ती घासेल, तू बस.'"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी सुनेला हसू फुटलं, पण तिने ते पदरात दाबलं. आजीला काही दाबता आलं नाही. हसता हसता तिचा चष्मा पिठात पडला.

"म्हणजे इतकी वर्षं," आजी डोळे पुसत म्हणाली, "तू माझ्याशी बोलत नव्हतीस आणि मी तुझ्याशी. दोघी तिच्याशीच बोलत होतो. आणि ती आपल्या नावाने आपल्याशी."

"पण गोड बोलत होती."

"गोड बोलून जमिनीवर झोपली." आजी उठली. पडद्यापाशी थांबली. "तो खिसा तुझ्या चुकीने करपला नव्हता. इस्त्रीचं बटण बिघडलं होतं. मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं."

सुनेचा चेहरा कडक झाला. "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"कारण सांगायला भिंगरीला धाडावं लागलं असतं, आणि हे मला तिच्या हाती धाडायचं नव्हतं." आजीने पडदा मुठीत धरला. "नाही. तेही खरं नाही. मला सांगायचंच नव्हतं."

"हे लागलं मला," सून म्हणाली.

"लागू दे. माझ्याच तोंडून लागलं ना?"

पुढचे तीन आठवडे फोनवर रोज दुपारी धडा चालला. आजी, मालकीणबाई, आणि पडदा वर सारून ठेवल्यामुळे आता मागून सूनही. तिघी तीन दिशांनी बोलायच्या आणि भिंगरी मध्ये. पहिले काही दिवस ती वाक्यावाक्याला अडखळायची. पलंगाचं तिने स्वतःच मालकीणबाईंना सांगितलं, आजीच्या समोर, आणि संध्याकाळपर्यंत नवी पट्टी ठोकून झाली. पुढे तिला गंमत वाटायला लागली. मालकीणबाईंनी आजीला हेकट म्हटलं, ते तिने अगदी ठसक्यात दिलं. आजीने विचारलं, "तिच्या भाषेत या शब्दाला काटे आहेत का गुळगुळीत आहे?" भिंगरी म्हणाली, "काटे आहेत." आजी म्हणाली, "मग बरोबर दिलास. मला टोचलं."

ओल्या कपड्याची गुंडाळी करून ठेवायची युक्तीही आजीने दुकानात सुरू केली. ती कुणाची, हे गिऱ्हाइकांना सांगायची मात्र गरज वाटली नाही.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी दुकानात इस्त्री गार होती. आजी आणि सून दोघी स्टुलांवर बसून फोनकडे बघत होत्या. दोनदा फोन वाजला, दोन्ही वेळा गिऱ्हाईक. तिसऱ्या वेळी भिंगरी.

"आजारी माणूस झालेल्या मास्तरांना डॉक्टरने विचारलं, दारू सोडली का," भिंगरी धापा टाकत सांगायला लागली. "ते हो म्हणाले. मग डॉक्टर म्हणाला, तुम्ही खोटं बोलताय, तुमचं रक्त वेगळं सांगतंय, आणि असंच चाललं तर वर्षभरात तुमची बायको एकटी पडेल. आजी, मी थांबले. एक क्षणभर माझ्या तोंडात आलंच होतं, डॉक्टरांना तुमची काळजी वाटते. आणि मग मला तुझा चेहरा दिसला."

"कसा दिसला?"

"चिडलेला."

"मग?"

"मग जसंच्या तसं दिलं. बायकोसकट. आणि ते मास्तर म्हणाले... नाटकातच म्हणाले, पण म्हणाले... आता मला कळलं, काय करू ते सांगा." भिंगरीने श्वास घेतला. "पास झाले."

सुनेने पदर तोंडाला लावला. आजीने काही केलं नाही. फक्त फोन चादरींच्या चळतीवरून उचलून हातात घेतला आणि डोळ्यांसमोर धरला.

"बरं आहे," ती म्हणाली.

"एवढंच?" भिंगरी म्हणाली. "आजी, अडीच महिने परक्या देशात काढले मी. चार चांगले शब्द बोलायला काय झालं तुला? कंजूष आहेस अगदी!"

आजीने चष्मा नाकावर वर सरकवला आणि पोरीचं तोंड नीट निरखून बघितलं. साखरेचा एक कण नव्हता त्यावर.

"आता ऐक माझा निकाल," आजी म्हणाली. "जगात पाहिजे तितक्या लोकांच्या मध्ये बस, तुला ते काम येतं, चांगलं येतं. हे झाले तुझे चार चांगले शब्द, मोजून घे. पण माझ्या आणि तुझ्या आईच्या मधली तुझी नोकरी आजपासून गेली. परत येशील तेव्हा या घरात पाहुणीसारखी गादीवर झोप, आणि गादी टोचली तर सकाळी आधी मला येऊन सांग."